पाठीवरचा पिवळा ठिपका

१

मोठ्या बाईंचा दिवस मधपेट्यांपासून सुरू व्हायचा. चहा पोटात गेला की पांढरा अंगभर पोशाख चढवायचा, तोंडावर जाळी ओढायची, धुराच्या डब्यात वाळकं गवत पेटवायचं आणि शेडमागच्या आवारात जायचं. पुढे शेडमध्ये बायका मध गाळायच्या, बरण्या भरायच्या; मागे आवारात माश्या आपलं काम करायच्या. हुकूम दोन्हीकडे बाईंचाच. वय झालं होतं, गुडघे कुरकुरत होते, हल्ली एखादी गोष्ट सांगायची विसरायच्यादेखील. पण आवाज असा खणखणीत, की शेडच्या दारातून नुसतं "काय चाललंय गं?" म्हटलं तरी आतल्या बायका हातातली बरणी घट्ट धरायच्या.

भाची सोबत असायची. बहिणीची मुलगी, चांगली नोकरी सोडून मावशीच्या हाताखाली आलेली. पुढेमागे हे सगळं तिच्याकडेच जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त पुढे की मागे, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

"ही कोपऱ्यातली पेटी आज बघून टाकू," बाई म्हणाल्या. "राणी म्हातारी झालीय तिथली. अंडी घालते, पण आपली घालायची म्हणून. नवी आणून बसवू."

"आणि जुनीचं काय?"

बाईंनी अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली. चिमटीत काही नव्हतं, तरी भाचीने मान फिरवली.

"अगं, क्षणाचं काम. तिला कळतसुद्धा नाही," बाई म्हणाल्या. "सापडायला मात्र हवी. म्हणून तर प्रत्येक राणीच्या पाठीवर मी ठिपका देते. नखांना लावायचा पांढरा रंग, बस. पंखांच्या मधोमध द्यायचा, तिथे तिचे पाय पोचत नाहीत. मग हजारो माश्यांत असू दे, बरोबर दिसते."

त्यांनी पेटीच्या दाराशी धूर सोडला. आतली गुणगुण एकदम बसली.

"धूर आला की त्यांना वाटतं घर सोडावं लागणार. मग आधी पोटभर मध खाऊन घेतात. आणि पोट भरलेली माशी भांडायला येत नाही."

"आपल्याकडच्या बायकांचंही तेच आहे," भाची म्हणाली, आणि दोघी हसल्या.

माश्या झाकणाच्या फटी डिंकाने बुजवून टाकतात. बाईंनी फटीत लोखंडी पट्टी घातली आणि दाबली. कट्. झाकण सुटलं. पोळं धरलेली एकेक लाकडी चौकट वर काढून त्यांनी डावीकडून उजवीकडे नजर फिरवली. पांढरा ठिपका काही दिसेना. बाईंच्या नाकातून "हं" निघालं. मनासारखं सापडलं नाही की हे त्यांचं ठरलेलं "हं". भाची त्याची नक्कल करून शेडमध्ये बायकांना हसवायची.

वारा सुटला, माश्या चिडायला लागल्या, तेव्हा बाईंनी झाकण ठेवून दिलं. त्या वळल्या तशी मागून भाची म्हणाली, "मावशी, तुझ्या पाठीला हे पिवळं काय लागलंय?"

२

पोशाखावर पाठीच्या मधोमध एक ठिपका होता. गोल, गुळगुळीत, हळदीपेक्षा जरासा गडद. शेडमध्ये पिवळा रंग कुठेच नव्हता. बाईंनी पोशाख भिजत घातला, घासला, नखाने खरवडला. कापड विरलं, ठिपका तसाच.

"खुर्चीला लागला असेल कुणाचा तरी," बाई म्हणाल्या. खुर्ची तपासली. खुर्ची स्वच्छ. तरी बाईंनी ती उचलून उन्हात ठेवली, शिक्षा दिल्यागत.

दुसरा पोशाख घातला. दुपार व्हायच्या आत त्याच्याही पाठीवर ठिपका. त्यावर शाल घेतली. थोड्या वेळाने शालीवर. मग मात्र त्यांनी भाचीला खोलीत नेलं, दार लावलं आणि पाठ उघडी केली.

भाचीने वाकून डोळे पाठीजवळ नेले.

"बोल की!"

"अंगावरच आहे, मावशी. कपड्यांवर आतून उमटतोय." तिने बोट फिरवलं. "वाळलेला आहे. कुणीतरी कुंचल्याने दिल्यासारखा."

बाईंनी हात मागे नेला. वरून नेला, खालून नेला. बोटं अगदी जवळ जायची आणि तिथेच अडायची. नखांचा रंग उतरवायचं औषध झालं, तेल झालं, राख झाली. पाठ लालबुंद झाली आणि तिच्यात तो ठिपका आणखीच उठून दिसायला लागला.

"कातडीचा काहीतरी आजार असेल," बाई म्हणाल्या. "वयात होतं असं." त्यांचा स्वतःचाच यावर विश्वास बसला नाही. आजार इतका गोल कुठे असतो?

३

शेड म्हणजे एक लांबलचक दालन. भिंतींना वरपर्यंत खिडकी नाही, माश्या आत शिरू नयेत म्हणून. डोक्यावर फळ्यांचं छत. मधोमध टेबलांची ओळ, टोकाला मधाची पिंपं, आणि दिवसभर बायकांच्या बोलण्याची एकसारखी कुजबुज. सगळ्यात मोठा आवाज गाळणीवालीचा. अंगाने भरलेली, मनाने मोकळी. तिच्या घरातली भांडणंसुद्धा शेडला तोंडपाठ होती.

त्या दुपारी ती बोलता बोलता थांबली. वाक्य अर्धंच राहिलं. तिने हात पुसले आणि पिशवीतून डबा काढला. जेवण तर मघाशीच झालं होतं. पण शेजारणीनेही डबा काढला. तिच्या पलीकडचीनेही. बघता बघता सगळी शेड खाली मान घालून जेवायला लागली. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. फक्त चावण्याचा आवाज. ज्यांचे डबे रिकामे होते त्या उठल्या आणि सरळ पिंपात वाट्या बुडवून मध प्यायला लागल्या.

बाई ओरडणार होत्या. पण तोंड उघडेना, कारण तोंडात मध होता. हातात चमचा. तो कधी घेतला ते आठवेना.

तेव्हा त्यांना वास आला. वाळकं गवत जळाल्याचा.

त्यांनी धावत जाऊन मागच्या दारातला धुराचा डबा पाहिला. डबा थंडगार होता. परत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या, कारण डोक्यावर कुठेतरी, छत आणि भिंत जुळतात तिथे, आवाज झाला.

कट्.

"उन्हाने लाकूड तडकलं," भाची म्हणाली. तिच्या ओठांवरही मध होता.

एवढ्यात वास गेला. गाळणीवालीने रिकाम्या डब्यात पाहिलं. "अगं बाई! मी रात्रीसाठी ठेवलेलंही खाल्लं की काय! घरचे मला हाकलतील आता." हशा पिकला, आणि कुजबुज पुन्हा सुरू झाली.

बाई हसल्या नाहीत. लाकूड तडकतं ते त्यांना ठाऊक होतं. आणि फटीत पट्टी घालून दाबली की कसा आवाज येतो, तेही त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

४

माणसाचं मन मोठं हट्टी असतं. बाईंनी ठरवलं, हे सगळं थकव्यामुळे होतंय. हाताला काम दिलं की डोकं ताळ्यावर येईल. म्हणून त्या कोपऱ्यातल्या पेटीकडे गेल्या, म्हाताऱ्या राणीचं काम आज उरकूनच टाकायचं म्हणून.

चौकट वर धरली. डावीकडून उजवीकडे नजर. पांढरा ठिपका? नाही. पुन्हा डावीकडून. नाही.

"हं."

"मावशी, ही काय समोर!" भाचीने बोट दाखवलं.

बाईंच्या अंगठ्यापासून वीतभरही लांब नव्हती. लांबलचक, तकतकीत, नवी राणी. तिच्या पाठीवर ठिपका नव्हता, आणि म्हणून बाईंची नजर तिच्यावरून सरळ घसरून गेली होती.

"जन्म गेला या कामात," बाई स्वतःवरच चिडल्या, "आणि मी राणी शोधतच नव्हते. ठिपका शोधत होते."

मग त्याच पोळ्यावर, नवीच्या जवळच, जुनीही दिसली. ठिपका झिजून फिका झालेला, पंखांच्या कडा फाटलेल्या. कामकरी माश्या नवीला भरवत होत्या आणि जुनीलाही भरवत होत्या. मायलेकी एकमेकींना धक्का न लावता एकाच पोळ्यावर चालत होत्या. पोळ्याच्या मध्यावर, नवी जिच्यातून बाहेर आली ती राणीची कोठी कुरतडलेली होती.

"त्यांचं त्यांनीच केलंय," भाची हळूच म्हणाली. "आई थकली हे त्यांना आधी कळलं. लेक वाढवली. पण आईला टाकलं नाही."

"असं होतं कधीकधी. काही दिवस दोघी नांदतात." बाईंनी अंगठा आणि तर्जनी जुळवली. आणि तशीच हवेत धरून राहिल्या.

"राहू दे ना, मावशी."

बाईंच्या पाठीला त्या ठिपक्यापाशी खाज सुटली. त्यांनी चिमटी सोडली, चौकट होती तशी ठेवली आणि झाकण लावलं.

५

धूर पुन्हा आला तो भर कामाच्या वेळी. डबे उघडले. वाट्या पिंपात बुडाल्या. या वेळी बाईंनी दातांवर दात दाबून धरले आणि काही खाल्लं नाही. पोटात आग पडली, डोळ्यांतून पाणी आलं, पण खाल्लं नाही.

कट्. मग आणखी एक, पलीकडच्या कोपऱ्यात. कट्.

छताच्या कडेने उजेडाची एक रेघ उमटली. त्या बाजूला ऊन कधीच नसायचं. रेघ रुंद होत गेली. वरून धुळीचे कण खाली यायला लागले. शेडमधल्या सगळ्या बायका सुस्तावून उभ्या होत्या, तोंडं भरलेली, डोळे अर्धे मिटलेले.

बाईंच्या हातून बरणीचं झाकण निसटलं आणि टेबलाखाली घरंगळलं. त्या सवयीने वाकल्या, टेबलाखाली शिरल्या. बाईंना जिवंत ठेवलं ते त्या झाकणाने.

टेबलावरून सावली सरकली. डावीकडून उजवीकडे. एक टेबल झालं की पुढचं. घाई नाही, गडबड नाही, सगळं नीट बघत. बाईंनी त्या सावलीची रीत ओळखली. चौकटी त्या स्वतः अशाच बघायच्या. त्या रोज जिथे उभ्या राहायच्या तिथे सावली थांबली. बराच वेळ थांबली. बाईंनी तोंडावर हात दाबला.

आणि वरून, कुणाच्यातरी नाकातून आल्यासारखा, आवाज आला.

"हं."

फळ्या बसल्या. उजेड मिटला. गाळणीवाली म्हणाली, "आज पुन्हा भूक लागली गं मला. काय हे!"

६

बाईंनी भाचीला खोलीत बोलावून सगळं सांगितलं. सांगताना वाटत होतं, आता ही म्हणणार, मावशी, चल डॉक्टरकडे.

भाचीचा चेहरा उतरला. "ते 'हं' मीही ऐकलं," ती म्हणाली. "मला वाटलं तूच."

बाई घाबरल्या होत्या. मरणाला त्या भीत नव्हत्या. पण कुणीतरी वरून चिमटीत धरावं, काम कमी झालं म्हणून, आणि तिला कळतसुद्धा नाही असं म्हणून निघून जावं, हे त्यांना सहन होईना. आणि मग, त्यांचा स्वभाव तो, भीतीच्या जागी संताप आला.

"मला बदलायचं? मी थकले असेन. विसरत असेन. उद्या तू इथे उभी राहायचीस हेही मला कबूल आहे. पण ते तू ठरव, मी ठरवेन, या शेडमधल्या बायका ठरवतील. झाकण उचलून बघणारा कोण लागून गेला?"

"पण ठिपका निघत नाही, मावशी."

"नाही निघत."

भाची एकदम उभी राहिली. "तो राणी शोधत नाहीये. ठिपका शोधतोय. काढता येत नसेल तर वाढवू या ना!"

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी तिच्या पाठीत असा धपाटा घातला की पोरगी कळवळली.

भाचीने बाजारातून पिवळा रंग आणला. बाईंच्या पाठीला लावून लावून छटा जुळवली. जरा गडद, आणखी एक थेंब, हां, आता बरोबर. मग बाईंनी सगळ्यांना गोळा केलं आणि काही न लपवता सांगितलं. वरून कुणीतरी मला शोधतंय. ठिपका लावलात तर मी वाचेन, पण चुकून तुमच्यातली एखादी जाईल. जिला नको असेल तिने आत्ताच घरी जावं, मी रागावणार नाही.

"आधी मला लाव," भाची म्हणाली आणि पाठ केली.

"सरक, पोरी. मोठ्या पाठी आधी," गाळणीवाली पुढे आली. "बाई, माझी जेवणं दोन-दोनदा होत होती तेव्हाच मला शंका आलेली. एवढं खाऊन अंगाला लागत नव्हतं! लावा ठिपका. जरा ठसठशीत लावा."

हसत, चिडवत, एकमेकींना ढकलत सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. घरी कुणीच गेलं नाही. बाई कुंचला घेऊन एकेकीच्या पाठीमागे जात होत्या, आणि शेवटी शेवटी त्यांना समोरचं नीट दिसेना. त्यांनी डोळे बाहीला पुसले आणि म्हणाल्या, "रंग फार झोंबतो मेला."

७

धूर आला.

या वेळी कुणी डबा उघडला नाही. भुकेने जीव कासावीस झाला, एकीच्या तोंडून हुंदका निघाला, पण प्रत्येकीने शेजारणीचा हात धरला होता आणि हात सोडल्याशिवाय डबा उघडणार कसा? सगळ्या टेबलांना टेकून, पाठ वर करून, ओणव्या उभ्या होत्या. बाई मधोमध. एका बाजूला भाची, दुसऱ्या बाजूला गाळणीवाली.

कट्. कट्. कट्.

छत सगळंच्या सगळं गेलं. उजेड असा कोसळला की मिटलेल्या पापण्यांतून आत शिरला. गवताचा धूर, आणि त्यामागे ओला, कोमट श्वास. सावली डावीकडून निघाली.

आणि पहिल्याच टेबलापाशी अडखळली.

बाईंना ते जाणवलं. सावली मागे गेली, पुन्हा आली. एका पाठीवर थांबली, दुसरीवर थांबली, भरभर तिसरीवर गेली. आता तिची रीत मोडली होती. उजवीकडून डावीकडे काय, मधूनच काय! बाईंना भीती वाटायला हवी होती. त्यांना हसू यायला लागलं. त्यांनी एक डोळा किलकिला केला आणि मान अगदी जराशी तिरकी केली.

वर, उजेडाच्या कडेला, काहीतरी फिकट आणि अवाढव्य होतं. दोन टोकं, एकमेकांना जुळलेली. त्यातल्या एका टोकाला, कडेशी, पिवळा रंग वाळून चिकटला होता. ती चिमटी खाली आली, गाळणीवालीच्या पाठीवर थांबली, इतकी जवळ की तिचे केस उडाले. गाळणीवालीने बाईंचा हात चिरडून टाकेल असा दाबला. चिमटी तिथून बाईंवर आली.

थांबली.

भाचीवर गेली.

मग हळूहळू ती दोन टोकं सुटी झाली.

"हं," वरून आवाज आला. फार मोठा, फार गोंधळलेला. बाईंना त्या "हं"मधलं सगळं कळलं. काय आज डोळ्यांना झालंय, आता बस झालं, घरी जाऊ, चहा घेऊ.

छत बसलं. चारी कोपरे एकेक करून दाबले गेले. धूळ खाली आली.

मग कुणाच्यातरी घशातून गुणगुण निघाली, तिला दुसरीने साथ दिली, तिसरीने दिली, आणि सगळी शेड घुमायला लागली, पिंपं थरथरली, बरण्या एकमेकींवर किणकिणल्या. ते रडणं होतं, हसणं होतं, ओरडणं होतं. "गेला! गेला मेला!" गाळणीवाली नाचत होती. बायकांनी मोठ्या बाईंना उचललं आणि टेबलावर उभं केलं. बाईंनी भाचीला हात दिला आणि वर ओढून आपल्या शेजारी घेतलं.

"आजपासून ही आणि मी," बाई ओरडल्या. आवाज तोच, खणखणीत. "दोघी! आणि माझं कधी थांबायचं ते तुम्ही मला सांगायचं. तोंडावर सांगायचं!"

"सांगू की!" सगळी शेड ओरडली. "आत्ताच सांगू का?"

"चला, कामाला लागा," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा हशा झाला.

८

ऊन उतरायच्या आधी दोघी मागच्या आवारात गेल्या. कोपऱ्यातल्या मायलेकींना एकदा डोळे भरून पाहावं, एवढंच बाईंच्या मनात होतं. धुराचा डबा त्यांनी नेला नाही.

फटीत पट्टी घातली. कट्. झाकण उचललं, चौकट वर धरली, सवयीने डावीकडून नजर टाकली.

पोळं माश्यांनी भरलं होतं. माश्या संथ चालत होत्या, एकमेकींना चिकटून. आणि त्या प्रत्येकीच्या पाठीवर, पंखांच्या मधोमध, पांढरा ठिपका होता.

बाईंनी चौकट उलटी केली. त्या बाजूलाही तेच. दुसरी चौकट. तेच.

"मावशी," भाची कुजबुजली, "तुझी पांढऱ्या रंगाची बाटली कुठे आहे?"

बाईंनी खिशातून बाटली काढून उन्हात धरली. कोरडी, रिकामी. सकाळी ती भरलेली होती.

"हं," बाईंच्या नाकातून निघालं.

आपलाच आवाज ऐकून त्या चपापल्या. भाचीने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी भाचीकडे. आणि मग बाई अशा हसल्या की पोट धरून खाली बसावं लागलं.

चौकटी त्यांनी एकेक करून जागेवर ठेवल्या, कुणी चिरडू नये म्हणून बोटाने माश्यांना बाजूला करत. झाकण ठेवलं आणि चारी कोपरे हलक्या हाताने दाबले. मग त्यांनी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं, कुठेही फट नव्हती. बाईंनी शाल काढून खांद्यावर टाकली, पाठ ताठ केली, आणि तो पिवळा ठिपका आभाळाला दाखवत, अजिबात घाई न करता, भाचीचा हात धरून शेडकडे निघाल्या.